घरचा पीसी पुन्हा पुन्हा क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

पीसी चालता चालता निळी स्क्रीन दाखवतो, नाहीतर काही न सांगता रीस्टार्ट होतो, नाहीतर माउसचा बाण आहे तिथेच अडकतो. एकदा झालं तर सोडून द्यावं. पण आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागलं की आपण वैतागून दुरुस्तीवाल्याला फोन करतो आणि ठरलेलं उत्तर मिळतं: ‘फॉरमॅट मारून बघू.’

मला हे उत्तर पटत नाही. फॉरमॅटने कधी कधी गुण येतो, हे खरं आहे. पण दोष रॅममध्ये, एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) किंवा बंद पडलेल्या पंख्यात असेल, तर नवी कोरी विंडोजही चार दिवसांत तशीच कोसळते. शिवाय आधीच्या प्रत्येक बिघाडाची विंडोजने लिहून ठेवलेली नोंद फॉरमॅटमध्ये पुसली जाते. म्हणजे पैसे गेले, दिवस गेला आणि पुरावाही गेला. त्यापेक्षा आधी शोध घ्यावा. त्याला तंत्रज्ञ असावं लागत नाही. थोडा धीर लागतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा नियम पाळावा लागतो.

खालच्या पायऱ्या विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरगुती डेस्कटॉपसाठी आहेत. क्रम शक्यतो मोडू नका. फुकट आणि बिनधोक तपासण्या आधी घेतल्या आहेत, स्क्रू-ड्रायव्हर लागणाऱ्या नंतर आणि पैसे लागणाऱ्या सगळ्यात शेवटी.

आधी दोन गोष्टी सुरक्षित करा

पहिली गोष्ट म्हणजे डेटा. पीसी अजून चालू होतोय तोवर फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बिघाड डिस्कचाच निघाला, तर पुढच्या तपासण्यांनी तिच्यावर आणखी ताण येतो आणि आज वाचणारी फाइल उद्या वाचेलच असं नाही.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. विंडोज ११ अनेक पीसींवर डिस्क आपणहून कुलूपबंद करते. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू दिसलं, तर मोबाइलवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा आणि बिटलॉकरची (या कुलपाचं हे नाव) ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. पुढे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये, काही बदललं की पीसी ही की मागू शकतो. तेव्हा ती हाताशी नसेल, तर स्वतःच्याच डेटाला मुकण्याची वेळ येते.

पायरी पहिली: वहीत लिहा, कधी आणि कसा

एक छोटी वही पीसीजवळ ठेवा. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं आणि पीसी नेमका कसा गेला, एवढं लिहा. ‘बंद पडला’ एवढ्याने भागत नाही, कारण बंद पडण्याच्या तऱ्हा वेगळ्या असतात आणि प्रत्येकीचा रोख वेगळ्या दिशेला असतो.

निळी स्क्रीन आली, तर विंडोजला काहीतरी चुकलंय हे कळलं होतं आणि तिने स्वतःहून काम थांबवलं. विंडोज ११च्या नव्या आवृत्त्यांमध्ये ही स्क्रीन काळी असते, अर्थ तोच. अशा वेळी ड्रायव्हर (विंडोजला एखादा भाग चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर), रॅम, डिस्क हे पहिले संशयित.

दिवा गेल्यासारखा पीसी एका क्षणात बंद झाला आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही, तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळालेला नाही. इथे वीजपुरवठा किंवा अति तापमान यांच्याकडे आधी पाहायचं.

चित्र थिजलं, आवाज एकाच सुरावर अडकला आणि मेन बटण दाबून धरल्याशिवाय सुटका झाली नाही, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड, डिस्क यांपैकी काहीही असू शकतं. ही तऱ्हा सगळ्यात चिवट असते.

आणि फक्त एकच प्रोग्राम बंद होत असेल, बाकी विंडोज ठीक चालत असेल, तर तो बहुधा त्या प्रोग्रामचा प्रश्न आहे. त्यासाठी कॅबिनेट उघडायची गरज नाही.

‘कधी’चंही तितकंच महत्त्व आहे. गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू करताच जातो का? सकाळी पहिल्यांदा चालू करताना जातो आणि एकदा तापला की नीट चालतो का? नुसता पडून असताना जातो का? ठरावीक वेळेलाच जातो का? पाच-सहा नोंदी झाल्या की काहीतरी सूत्र दिसायला लागतं.

पायरी दुसरी: स्क्रीनवरचं वाचायला वेळ मिळवा

निळी स्क्रीन आल्यावर विंडोज लगेच रीस्टार्ट होते आणि वाचायचं राहून जातं. ते थांबवता येतं. विंडोज की दाबून ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्जमध्ये जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढा. तिथेच खाली ‘स्मॉल मेमरी डम्प’ किंवा ‘ऑटोमॅटिक मेमरी डम्प’ (बिघाडाच्या क्षणाची नोंद फाइलमध्ये साठवणं) निवडलेलं आहे ना, तेही बघा. पुढच्या वेळी स्क्रीन आली की मोबाइलवर फोटो काढा. क्यूआर कोड सोडून द्या. ‘स्टॉप कोड’ या शब्दांपुढची ओळ आणि ‘व्हॉट फेल्ड’पुढे फाइलचं नाव असेल तर ते, एवढं हवं आहे.

पायरी तिसरी: विंडोजची रोजनिशी उघडा

या पायरीवर घाई करू नका. अर्धं निदान इथेच होतं.

सोप्या बाजूने सुरुवात करू. विंडोज की दाबून ‘रिलायबिलिटी’ टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसवार आलेख दिसेल, त्यात लाल गोलातली फुली म्हणजे बिघाड. पहिली लाल फुली कोणत्या तारखेला आली ते पाहा आणि त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत काय इन्स्टॉल झालं तेही पाहा. नवा ड्रायव्हर, नवा अँटिव्हायरस, विंडोजचं अपडेट, सगळं तिथे तारखेसह असतं. पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाखाली एक सापडतात आणि शोध तिथेच संपतो.

नाही सापडलं, तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडा. डावीकडे ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. नोंदींचा ढीग बघून घाबरू नका. निरोगी पीसीवरही पिवळ्या आणि लाल खुणा भरपूर असतात. वहीतली वेळ घ्या आणि फक्त त्या वेळेच्या मागेपुढे पाहा.

‘कर्नल-पॉवर’ नावाची ४१ क्रमांकाची नोंद जवळपास नक्की दिसेल. नावात पॉवर आहे म्हणून वीजपुरवठ्याचा दोष, असा निष्कर्ष अनेक जण काढतात, तो चुकीचा आहे. ‘मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता’ एवढंच ती नोंद सांगते. कारण तिच्या पोटात असतं. नोंदीवर क्लिक करा, खाली ‘डिटेल्स’ टॅब उघडा आणि ‘बगचेक कोड’समोरचा आकडा वाचा.

तिथे शून्य असेल, तर निळी स्क्रीन आलीच नव्हती. वीज तुटली, तापमानाने यंत्रणा बंद केली किंवा पीसी पुरता थिजला. आकडा असेल, तर तो स्टॉप कोडच आहे, फक्त दशमान पद्धतीत लिहिलेला. नेहमी भेटणारे काही आकडे देतो. २६ म्हणजे ‘मेमरी मॅनेजमेंट’, रॅमकडे बघा. १० म्हणजे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’ आणि ८० म्हणजे ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, ड्रायव्हर किंवा रॅम. २७८ म्हणजे ‘व्हिडिओ टीडीआर’, ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर. २३९ म्हणजे ‘क्रिटिकल प्रोसेस डाइड’, विंडोजच्या फाइल्स बिघडल्यात किंवा डिस्क दगा देतेय. ३०७ म्हणजे ‘डीपीसी वॉचडॉग’, बहुधा स्टोरेजचा किंवा अन्य कुठला ड्रायव्हर वेळेत उत्तर देत नाहीये. आणि २९२ म्हणजे ‘डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर’. प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरमधली चूक कळवली, असा त्याचा अर्थ. हा आकडा पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर विंडोज फॉरमॅट करण्यात वेळ घालवू नका.

त्याच यादीत ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ नावाच्या नोंदी आहेत का आणि ‘डिस्क’ या नावाखाली ७, ५१ किंवा १५३ क्रमांक आहेत का, तेही पाहून ठेवा. पहिल्या नोंदी प्रोसेसर आणि त्याच्या जोडीदारांविषयी बोलतात, दुसऱ्या डिस्क आणि तिच्या केबलविषयी.

ज्यांना आणखी खोलात जायचंय त्यांच्यासाठी: सी ड्राइव्हवर विंडोज फोल्डरमध्ये ‘मिनिडम्प’ नावाचं फोल्डर असतं, त्यात प्रत्येक निळ्या स्क्रीनची एक छोटी फाइल साठते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘विनडीबीजी’ फुकट घ्या, त्यात ही फाइल उघडा आणि वर दिसणाऱ्या ‘ॲनलाइझ’च्या दुव्यावर क्लिक करा. बऱ्याच ओळी येतील, त्यांतलं ‘मॉड्यूल नेम’ आणि ‘इमेज नेम’ वाचा. एनव्हीने सुरू होणारं नाव असेल तर बहुधा ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर. ‘एनटी’ किंवा ‘एनटीओएसकर्नल’ असेल तर ते विंडोजचं स्वतःचं मूळ. ते तिथे बहुधा जखमी म्हणून सापडतं, मारेकरी म्हणून नाही, तेव्हा त्यावर विसंबून विंडोज बदलू नका. एकाच फाइलवर थांबूही नका. चार-पाच उघडा. प्रत्येकीत एकच ड्रायव्हर दिसला तर तोच दोषी धरा. प्रत्येकीत वेगळंच नाव आणि वेगळाच स्टॉप कोड दिसला, तर संशय सरळ रॅमवर न्या. रॅम बिघडली की त्या क्षणी तिथे जे काही ठेवलेलं असेल ते बिघडतं, म्हणून दोष दर वेळी नव्या नावावर जातो.

पायरी चौथी: सॉफ्टवेअर की हार्डवेअर, एका पेन ड्राइव्हने ठरवा

पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम) उतरवून घ्या, त्यावरून पीसी चालू करा आणि ‘ट्राय उबुंटू’ निवडा. डिस्कवर काहीही इन्स्टॉल होत नाही. आता दोन-चार तास व्हिडिओ बघा, इंटरनेट वापरा. इथेही पीसी तसाच कोसळला, तर विंडोज आणि तिचे ड्रायव्हर निर्दोष धरा आणि पाचवी पायरी सोडून सरळ सहावीवर जा. इथे तो शांतपणे चालला, तर मात्र लगेच हार्डवेअरला निर्दोष ठरवू नका. तुमचा पीसी आठवड्यातून एकदाच जात असेल, तर चार तासांच्या शांततेवरून काही सिद्ध होत नाही.

पायरी पाचवी: ड्रायव्हर आणि विंडोजच्या फाइल्स

एक साधा ड्रायव्हर अख्खा पीसी कसा पाडतो, असं नवख्या माणसाला वाटतं. कारण असं की ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतो. ब्राउझर चुकला तर विंडोज त्याला एकट्याला बंद करते. गाभ्यात चूक झाली तर कशावर विश्वास ठेवायचा हेच उरत नाही, म्हणून ती सगळंच थांबवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स निळ्या स्क्रीनवर आली. विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या मशिन्सच्या हार्डवेअरमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

घरी काय करायचं? तारखेवरून एखाद्या ड्रायव्हरवर संशय आला असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या भागाच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नेहमी एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट’ अशी जाहिरात करणारी सॉफ्टवेअर्स काढून टाका. भलताच ड्रायव्हर बसवून त्यांनी बिघडवलेले पीसी मी पुष्कळ पाहिलेत. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. कीबोर्डचे आणि पंख्यांचे रंगीत दिवे चालवणारी सॉफ्टवेअर्सही काही दिवस काढून बघा, कारण त्यांतली कित्येक कर्नलमध्ये स्वतःचा ड्रायव्हर घुसवतात.

मग विंडोजच्या फाइल्स. ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, इंग्रजी अक्षरांत एसएफसी, एक जागा, तिरपी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असं टाइप करून एंटर दाबा. बिघडलेल्या फाइल्स सापडल्या तर विंडोज त्या स्वतः दुरुस्त करते. दुरुस्त करूनही काही दिवसांनी पुन्हा बिघडलेल्या सापडत असतील, तर त्या बिघडवणारं कोणीतरी खाली बसलंय. रॅम किंवा डिस्क.

जाता जाता एक. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद नसतं. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर कर्नलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. ड्रायव्हर बदलल्यावर म्हणून नेहमी ‘रीस्टार्ट’ निवडा. त्याने खरी नवी सुरुवात होते.

पायरी सहावी: कॅबिनेट उघडा

पीसी बंद करा, वायर बोर्डातून काढा, मग पॉवरचं बटण दाबून धरा म्हणजे साठलेली वीज निघून जाईल. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला स्पर्श करा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज असू शकते.

धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा वेगाने फिरून त्याचं बेअरिंग जातं.

आता प्रोसेसरवरचा कूलर नीट पाहा. इंटेलच्या डब्यात येणाऱ्या साध्या कूलरला चार कोपऱ्यांत प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात. त्या दाबून मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाच्या, भोकांत अडकवलेल्या असतात. कॅबिनेट हलवलं, गाव बदललं, की यांतली एखादी हळूच वर येते. वरून बघताना कूलर जागेवरच दिसतो, पंखाही फिरतो, पण एक कोपरा कागदाच्या जाडीइतका उचललेला असतो आणि प्रोसेसर तापत राहतो. प्रत्येक खिट्टी बोटाने हलवून बघा. सैल असेल तर ती तिच्यावरच्या बाणाच्या उलट दिशेने बसलेली आहे ना हे पाहून ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. कूलर काढावाच लागला, तर जुनी पेस्ट पुसून मटारच्या दाण्याएवढी नवी थर्मल पेस्ट लावल्याशिवाय परत बसवू नका.

पीसी पुन्हा जोडून ‘एचडब्ल्यूइन्फो’ हे फुकट सॉफ्टवेअर चालवा आणि तापमान पाहा. काही न करता प्रोसेसर ३५ ते ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असावा. पंखा नसलेल्या खोलीत मे महिन्यात थोडा वर. ब्राउझर उघडताच तो ९०च्या पुढे जात असेल तर कूलरमध्ये दोष आहे. जड काम करताना ९५ दिसलं म्हणून घाबरू नका. एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर भाराखाली ९५पर्यंत जावेत अशीच त्यांची रचना आहे.

मदरबोर्डवरच्या छोट्या उभ्या डब्यांसारख्या कपॅसिटरची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा फुटून तपकिरी द्रव आलेला दिसला, तर बोर्ड बदलायची तयारी ठेवा.

पायरी सातवी: रॅम

विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहे, पण ते बऱ्याच चुका सोडून देतं. त्याने ‘दोष सापडला नाही’ म्हटलं तरी मी ते अंतिम धरत नाही. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ हे फुकट आणि मुक्त सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी चालू करा आणि रात्रभर चालू द्या. ‘सिक्युअर बूट’मुळे (अनोळखी सॉफ्टवेअरवरून पीसी चालू होऊ न देणाऱ्या सोयीमुळे) सुरू होत नसेल तर बायोसमध्ये ते तात्पुरतं बंद करावं लागेल. बिटलॉकरची की लिहून घ्यायला सांगितली ती यासाठीच.

सकाळी एकही चूक दिसता कामा नये. ‘फक्त दोनच आल्यात’ असं चालत नाही. रॅममध्ये एक चूकही नापासच.

चूक आली म्हणून लगेच रॅम फेकू नका. आधी बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ बंद करा. डब्यावर ३२०० लिहिलेली रॅम मुळात कमी वेगाची असू शकते आणि हे सेटिंग तिला छापील वेगाने पळवतं. सगळ्याच जोड्यांना ते झेपत नाही. बंद केल्यावर चुका थांबल्या, तर तुमचं उत्तर मिळालं. थोडा कमी वेग घरगुती कामात जाणवतही नाही.

तरीही चुका येत असतील, तर सगळ्या पट्ट्या काढा. कोकणात, मुंबईत, गोव्यात दमट खाऱ्या हवेने रॅमच्या सोनेरी दातांवर पातळ थर चढतो. दुरुस्तीवाले ते खोडरबराने घासतात आणि त्याने फरक पडतोही. मी मात्र आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि सुती कापड वापरायला सांगेन, कारण खोडरबर वरचा मुलामाही थोडा खरवडतो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो. मग एकच पट्टी लावून टेस्ट घ्या, मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब. चांगली पट्टीही एका ठरावीक स्लॉटमध्ये चुकत असेल तर स्लॉट किंवा मदरबोर्ड. पट्टी बसवताना खाच जुळवा आणि खटका स्वतःहून बंद होईपर्यंत दोन्ही टोकं दाबा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या असतील, तर त्यांची जागा बहुधा प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असते.

पायरी आठवी: डिस्क

इथे फार वेळ लागत नाही. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ उघडा. निळं ‘गुड’ असेल तर बरं, पिवळं ‘कॉशन’ किंवा लाल ‘बॅड’ असेल तर आजच नवी डिस्क पाहा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमध्ये ‘रीअलोकेटेड’ आणि ‘करंट पेंडिंग’ या सेक्टरांचे आकडे दर आठवड्याला वाढत असतील, तर ती शेवटच्या दिवसांत आहे. ‘सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्क नव्हे, तिला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदला. काही रुपयांचा प्रश्न असतो.

पायरी नववी: वीज

आपल्या घरांत ज्या भागाकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, तो हा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर आपण हजारो रुपये घालतो आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला, मिळेल तो लावतो.

रत्नागिरीच्या माझ्या मामेबहिणीचा पीसी रोज सकाळी एकदा रीस्टार्ट व्हायचा. विंडोज दोनदा फॉरमॅट झाली होती, रॅम बदलून झाली होती. तिच्या वहीतल्या वेळा पाहिल्या, तर सगळ्या सातच्या आसपासच्या. त्याच वेळी सोसायटीत पाण्याची मोटर सुरू होते. ४१ क्रमांकाच्या प्रत्येक नोंदीत बगचेक कोड शून्य. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जायचं, यूपीएस बॅटरीवर जायला बघायचा आणि त्याची बॅटरी कधीच संपलेली होती. नव्या बॅटरीनंतर तो रीस्टार्ट बंद झाला.

म्हणून पहिली तपासणी यूपीएसची. सगळं सेव्ह करून पीसी बंद करा, यूपीएसला एक साधा बल्ब लावा आणि भिंतीवरचं बटण बंद करा. बल्ब लगेच गेला तर बॅटरी संपली. घरगुती यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांतच ढासळते आणि यूपीएसवरचा हिरवा दिवा त्याविषयी काही सांगत नाही. मग काही दिवस यूपीएस मधून काढून पीसी थेट भिंतीला लावून बघा, तेही तीन पिनांच्या नीट घट्ट बसणाऱ्या सॉकेटला. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर घराचं अर्थिंग तुटलंय. ते काम इलेक्ट्रिशियनचं आहे आणि त्याला आजच बोलवा.

आता एसएमपीएस. त्याच्या अंगावरचं स्टिकर वाचा. डब्यावरचा ‘४५० वॅट’ सोडा, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट, ठीक आहे. १६च असतील तर १९२ वॅट, आणि प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड दोघांनाही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगायचं असतं. आठ पिनांची एक केबल एकट्या ग्राफिक्स कार्डाला १५० वॅटपर्यंत देते, यावरून हिशेब करा. गेम सुरू होताच पीसी निळ्या स्क्रीनशिवाय जातो, ब्राउझिंगमध्ये कधीच जात नाही आणि तापमान ठीक आहे, असं असेल तर मी एसएमपीएसवरच बोट ठेवेन. बायोसच्या हार्डवेअर मॉनिटरमध्ये १२ व्होल्टची रेषा ११.४ ते १२.६च्या आत असावी. पण ते मोजमाप बिनभाराचं असतं. खात्री हवी तर मित्राकडचा चांगला एसएमपीएस दोन दिवस लावून बघणं हाच खरा उपाय. दुसऱ्या एसएमपीएसच्या सुट्या केबल मात्र वापरू नका. सारख्या दिसल्या तरी त्यांच्या पिनांची जोडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळते.

पायरी दहावी: उरलेले संशयित

इथवर सगळं ठीक निघालं, तर ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड, प्रोसेसर उरतात. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल, तर कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडा आणि काही दिवस वापरा. क्रॅश थांबले तर कार्ड किंवा त्याला लागणारी वीज. सेकंडहँड घेतलेल्या कार्डाच्या बाबतीत ही तपासणी आधीच करा.

प्रोसेसर सहसा खराब होत नाही. एक मोठा अपवाद आहे: इंटेलचे १३व्या आणि १४व्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितल्याने त्यांतले काही हळूहळू कमकुवत होत गेले. गेम उघडताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा भलताच निरोप येणं, मोठी झिप फाइल उघडताना चूक येणं, ही त्यांची ओळखीची लक्षणं. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येतात. हे अपडेट पुढचं नुकसान थांबवतं, झालेलं भरून काढत नाही. त्या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा तुमचा प्रोसेसर त्यांतला असेल तर दावा करा. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो, म्हणून यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय ते करू नका.

दुरुस्तीवाल्याकडे जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा किंवा गल्लीतल्या दुकानात, वही आणि स्टॉप कोडचे फोटो बरोबर न्या. ‘मेमटेस्ट रात्रभर पास आहे, तापमान ठीक आहे, फक्त गेममध्ये जातो, बगचेक शून्य आहे’ असं सांगितलंत की बोलणं फॉरमॅटवरून एसएमपीएसवर आपोआप येतं. डिस्कचा संशय नसेल तर ती काढून घरीच ठेवा, त्यांच्याकडे तपासायला त्यांची डिस्क असते. कुठलाही भाग बदलण्याआधी त्यांच्याकडचा चालू भाग लावून दाखवायला सांगा. चांगला कारागीर त्याला नाही म्हणत नाही. जुना भाग आणि पक्कं बिल मागून घ्या, बिलावर सीरियल नंबर लिहिलाय का तेवढं बघा.

आणि पीसी घरी आल्यावर लगेच ‘झाला बरा’ म्हणू नका. पूर्वी तो साधारण जितक्या दिवसांनी जायचा, त्याच्या तिप्पट दिवस न जाता चालला पाहिजे. तीन दिवसांनी जात असेल तर किमान नऊ-दहा दिवस, आठवड्याने जात असेल तर तीन आठवडे. तोवर वही चालू ठेवा आणि जुना भाग फेकू नका.